सुईला भ्यालेली बाई

माझी बायको डोळ्यातल्या सुईला भ्याली, दवाखान्यात जायला तयार झाली नाही, आणि म्हणून तिचा डावा डोळा गेला, असं आमच्या गावात सगळे समजतात. खोडाळ्याच्या बाजारात तिच्या माहेरची बरीच माणसंही अजून तेच समजतात, आणि जव्हारला आमच्या मुलाच्या शेजाऱ्यांनाही तेच माहीत आहे. या सगळ्यांना हे सांगणारा मी. ते खोटं आहे. ती कशाला भ्याली नव्हती. तिला दवाखान्यात न्यायला मीच तयार नव्हतो. एकेकाला गाठून हे सांगत फिरण्याचं आता वय राहिलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते बोलणं मी बहुतेक शाळेच्या मराठीत उतरवलं आहे. सगळं उतरवता आलं नाही, पण अर्थ कुठे बदललेला नाही.

मी मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं मास्तर होतो. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन माझ्याकडेच यायचे. तलाठ्याची नोटीस, वनजमिनीच्या दाव्याचं उत्तर, बँकेचं पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट. ओट्यावर बसून मी वाचायचो. बातमी वाईट असली तरी आहे तशी सांगायचो. एकाचा जमिनीचा दावा फेटाळला होता. तो म्हणाला, गुरुजी, परत वाचा, काहीतरी राहिलं असेल. मी परत वाचलं, पुन्हा तेच निघालं. तो माझ्यावर रागावून गेला, पण पुढचा कागद घेऊन माझ्याकडेच आला. मला त्याचा अभिमान होता. बायकोला वाचता येत नाही. आलेला प्रत्येक कागद मात्र ती जपून ठेवते. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला टांगते.

डोळ्याचं पहिल्यांदा निघालं ते विजेच्या खांबावरून. अंगणात सुपात तांदूळ निवडता निवडता तिनं समोर पाहिलं आणि विचारलं, "हा खांब वाकला का रे?" मी पाहिलं. खांब सरळ होता. मी म्हटलं, तुझी मान वाकली असेल. ती हसली. मग आठवड्याभरात दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मग नागलीच्या भाकरीवर मधोमध काळा डाग दिसायचा, बोटानं चाचपलं की डाग नसायचा. करपलेली भाकरी मला वाढायची नाही म्हणून ती डाग असलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची. नंतर कळलं, तिला सगळ्याच भाकऱ्यांवर डाग दिसत होता.

जव्हारला डोळ्यांचं शिबिर होतं. मी तिला घेऊन गेलो. डोळ्यांत थेंब टाकून तपासलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता, म्हणून ती पदर डोळ्यांवर ओढून जांभळाच्या झाडाखाली बसली. कागद घ्यायला टेबलापाशी मी एकटा होतो. टेबलावरच्या माणसानं मला नीट समजावून सांगितलं. हा मोतीबिंदू नाही. वयामुळे डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, पाणी साचलंय. नाशिकला पडद्याच्या डॉक्टरांकडे आठ दिवसांत न्या. डोळ्यात इंजेक्शन लागेल, आणि ते एकदा घेऊन भागणार नाही. ऐकायला भयंकर वाटतं, पण लवकर दिलं तर नजर टिकते, उशीर केला तर गेलेली परत येत नाही. कागदावर तेच इंग्रजीत लिहिलं होतं. मला तेवढं इंग्रजी वाचता येतं.

टेबलापासून त्या झाडापर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं.

आमच्याकडे होळीनंतर बोहाडा असतो. देवादिकांचे लाकडी मुखवटे घालून, संबळाच्या तालावर गावातून सोंगं नाचतात. एकेक सोंग एकेका घराकडे असतं. आमच्या घराकडे नरसिंहाचं. माझ्या आजोबांनी नाचवलं, वडिलांनी नाचवलं, मग मी. मधली काही वर्षं आमच्या गावात बोहाडा झालाच नव्हता. त्या वर्षी पुन्हा ठरला होता, तीन आठवड्यांवर आला होता, आणि गावकीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की गुरुजी, सत्तरी झाली, हे शेवटचं. आता आमच्यात एक रीत आहे. सोंग घराबाहेर पडताना घरच्या बाईनं त्याला ओवाळायचं असतं. आणि घरात दुखणं चालू असेल, दवाखान्याच्या फेऱ्या असतील, तर त्या घरानं सोंग घ्यायचं नाही. भाऊबंदांकडे द्यायचं. एकदा गेलेलं सोंग परत मागता येत नाही. माझा चुलत भाऊ टपूनच होता. डोळ्यात सुई टोचून घेतलेली बाई, पट्टी बांधलेली, नाशिकच्या फेऱ्या, हे गावकीला कळलं असतं तर सोंग त्याच दिवशी त्याच्या घरी गेलं असतं.

मी झाडाखाली पोचलो. तिनं पदराआडून विचारलं, "काय लिवलंय?"

मी म्हटलं, "मोतीबिंदू. अजून पिकला नाही. पिकला की काढतील."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं काय झालं." आणि कागद माझ्या हातातून घेऊन, घडी घालून, तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला.

हे खोटं इतकं सहज खपलं याचं कारण आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना मोतीबिंदूच होतो, आणि तो आंब्यासारखा पिकेपर्यंत थांबायचं असतं, असं प्रत्येकाला वाटतं. तिच्या आईचा तसाच होता, माझ्या आईचाही. तिला संशय यायचं कारणच नव्हतं. शिवाय कागद मी वाचला होता.

मी स्वतःला सांगत होतो की तीन आठवड्यांनी काय बिघडतं. बोहाडा होऊ दे, दुसऱ्या दिवशी तिला नाशिकला नेतो.

सोंग निघायच्या दिवशी संध्याकाळी मी मुखवटा चढवून उंबऱ्यात उभा राहिलो. ती ताट घेऊन समोर आली. मुखवट्याला बघायला दोन बारीक फटी असतात, त्यातून मला ती दिसत होती. तिनं दिवा माझ्या उजव्या खांद्यासमोर ओवाळला. तोंडासमोर नाही, खांद्यासमोर. मग तिच्या लक्षात आलं असावं की काहीतरी चुकतंय. मान थोडी कलती करून तिनं मला शोधलं, आणि मग ताट मधे आणलं. बायका गाणं म्हणत होत्या, संबळ वाजायला लागला होता, कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. पाहूनही मी बाहेर पडलो आणि नाचलो. चांगला नाचलो. लोक अजून त्या नाचाचं नाव काढतात.

दुसऱ्या दिवशी मी तिला नाशिकला नेलं नाही. न्यायचं तर आधी सांगावं लागणार होतं की कागद वाचताना मी खोटं बोललो. मोतीबिंदू एकाएकी पिकला असं सांगायचाही विचार केला, पण तिथे डॉक्टर इंजेक्शनचं बोलणार, मग ती विचारणार. मग भाचीचं लग्न आलं. मग रोपांच्या वाफ्यावर राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायचं काम, मग पेरणी, मग भाताची लावणी, मग वर माळावर नागली. दर वेळी मला एक कारण सापडायचं आणि ते कारण खरंच असायचं. ती मधून मधून विचारायची, पिकला असंल का रे आता? मी म्हणायचो, बघू.

श्रावणात एकदा दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. उजवा डोळा हातानं झाकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझे कान दिसतात. तोंडच नाय. बरंच झालं म्हणायचं."

आम्ही दोघंही हसलो. दोन दिवसांनी मी तिला घेऊन नाशिकची एसटी पकडली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. खास फोटो काढले. संगणकावर तो पडदा आम्हाला दाखवला. मधोमध पांढुरका डाग होता. हा वण आहे, ते म्हणाले. पाणी साचून, रक्त उतरून, आता वाळून वण झाला. यावर इंजेक्शनचा उपयोग होणार नाही. मग त्यांनी विचारलं, आधी कुठे दाखवलं होतं का?

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात तिनं पिशवी उघडली, चाचपून तो कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं. मोतीबिंदूचा कागद म्हणून तिनं तो दिला.

डॉक्टरांनी वाचला. मग आमच्या दोघांकडे पाहिलं. "आजी, यात तर आठ दिवसांत या म्हणून लिहिलंय. इंजेक्शन लागेल म्हणूनही लिहिलंय. पाच महिने झाले. का नाही आलात?"

तिचा उजवा डोळा तेव्हा चांगला होता. मान वळवून त्या डोळ्यानं तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होतो. मला वाटलं, आता ती बोलेल. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर बोलेल आणि एकदाचं संपेल.

"मी भ्याले, डॉक्टरसायेब," ती म्हणाली. "सुई म्हटली आन् भ्याले."

डॉक्टर जरा रागावले. अशी भीती बाळगू नये, शिकलेला नवरा आहे घरात, त्याचं ऐकावं, असं म्हणाले. तिनं मान डोलावली.

तिनं तसं का सांगितलं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. मला वाचवलं असं मी बरेच दिवस समजत होतो. आता वाटतं, परक्या माणसापुढे तिला स्वतःची लाज वाचवायची असेल. चाळीस-पन्नास वर्षं ज्याच्या भरवशावर काढली त्यानं असं फसवलं, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा सुईला भ्याले म्हणणं सोपं असेल.

तिनं ते एकदा सांगितलं. पुढची सगळी माझी करणी. परतीच्या वाटेवर त्र्यंबकला गाडी थांबली तेव्हा मुलाचा फोन आला. काय झालं बाबा, इतका उशीर का केलात? ती माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली होती. मी म्हटलं, "तुझ्या आईला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती सुईला भ्याली. ऐकेना." ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर गावानं विचारलं, गावाला तेच सांगितलं. सांगता सांगता त्यात भर पडत गेली. मी किती समजावलं, कशी विनवणी केली, ती कशी दार लावून बसली. लोकांना ऐकायला मजा यायची.

कारण ती भित्री बाई नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. चारही बाळंतपणं तिनं घरात केली. लावणीत विंचू चावला तर फडकं बांधून संध्याकाळपर्यंत चिखलात उभी राहिली. अशी बाई सुईला भ्याली याची गंमत जास्त. खोडाळ्याच्या तिच्या वहिनीनं, म्हणजे तिच्या भावाच्या बायकोनं, तर पाठच धरली. बाजारात भेटली की म्हणायची, "नणंदबाई, विंचवाला नाय भ्यालीस आन् सुईला भ्यालीस? मग गोधडी कशी शिवतेस?" आजूबाजूच्या बायका हसायच्या. ही म्हणायची, म्हातारपण गं. मी पिशवी धरून बाजूला उभा असायचो.

त्याच दिवसांत तिनं मला "तू" म्हणणं सोडलं. आमच्याकडे बायका नवऱ्याला "तू" म्हणतात, तशी तीही म्हणायची. नाशिकहून आल्यावर ती मला गावासारखं "गुरुजी" म्हणायला लागली. गुरुजी, जेवायला या. गुरुजी, गाय सोडा. बाहेरच्याला वाटावं की मान देतेय.

आणि ज्या सोंगासाठी हे केलं, ते पुढच्या वर्षी चुलत भावाच्या घरी गेलंच. गावकीनं सांगितलं होतं तसं.

नाशिकच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासाठी एक पुठ्ठा दिला होता. त्यावर चौकटी चौकटींच्या रेषा, गणिताच्या वहीच्या पानासारख्या, आणि मधोमध एक ठिपका. रोज डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा कुठे वाकल्या, कुठे पुसल्यासारख्या दिसल्या, की त्याच दिवशी निघायचं. दुसऱ्या डोळ्यालाही हा आजार होऊ शकतो, पण लवकर धरला तर तो वाचवता येईल, असं त्यांनी बजावलं होतं. मी तो पुठ्ठा चुलीजवळच्या भिंतीला लावला. रोज सकाळी मी विचारणार, ती सांगणार, असं माझ्या मनात होतं. दोन दिवसांत पुठ्ठा तिथून नाहीसा झाला. शेजारी अंगणवाडीच्या बाई राहतात. पुठ्ठा त्यांच्या ओटीवर लागला होता. ही सकाळी तिकडे जायची, डोळा झाकायची, बाई विचारायच्या, ही सांगायची, आणि मग घरी येऊन चहा ठेवायची. मी विचारलं की म्हणायची, बरं हाय.

असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी मी पेन्शनच्या कामानं मोखाड्याला गेलो होतो, दुपारी परत आलो तर दाराला कडी. चूल गार. खुंटीवरची पिशवी नाही. शेजारी चौकशी केली तर अंगणवाडीच्या बाईंच्या सासूनं सांगितलं की त्या दोघी सकाळच्या गाडीनं नाशिकला गेल्या. काल सकाळी पुठ्ठ्यावरच्या रेषा वाकल्या म्हणे.

काल सकाळी. म्हणजे काल दिवसभर तिला माहीत होतं. तिनं मला जेवायला वाढलं, माझ्या शेजारी झोपली, मी सकाळी निघालो तेव्हा भाकरी बांधून दिली, आणि एक शब्द बोलली नाही.

मी ओट्यावर बसलो आणि मला संताप आला. हे लिहायची लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं. मला फसवल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि डोळ्यासारखी गोष्ट ती परक्या बाईला सांगते, नवऱ्याला नाही. गावात कोणी विचारलं तर काय सांगणार, बायको कुठे गेली ते मला माहीत नाही? बराच वेळ मी तिच्या नावानं मनातल्या मनात भांडत होतो. तिनं माझ्यापासून लपवलं ते एक दिवस. मी पाच महिने. हा हिशेब ऊन उतरेपर्यंत माझ्या डोक्यात शिरला नाही. शिरला तेव्हा राग गेला असंही झालं नाही. तो तसाच राहिला, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना.

संध्याकाळच्या गाडीनं त्या आल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डाव्यानं कडेकडेचं दिसतं तेवढंच, त्यामुळे बाईंचा हात धरून ती पायऱ्या चढली. मी पुढे झालो तर तिनं भिंत धरली. बाई गेल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही म्हटलं असतं, अजून पिकला नाय," ती म्हणाली.

त्या कागदाबद्दल ती एवढंच बोलली. त्याआधी नाही, त्यानंतर बरेच दिवस नाही.

पुढची इंजेक्शनं दर महिन्याला होती. अंगणवाडीच्या बाईंना दर वेळी सुट्टी मिळेना, मुलाची नोकरी, म्हणून मुलानं ठरवलं की बाबांनीच जायचं. ती नाही म्हणाली नाही. सकाळच्या गाडीनं निघायचं, घाट चढून त्र्यंबकवरून नाशिक. तिथे कपाळावर उजव्या भुवईच्या वर चिकटपट्टी लावतात, चुकून दुसऱ्या डोळ्यात सुई जाऊ नये म्हणून. दर दहा मिनिटांनी थेंब. मग हिरवी टोपी घालून बाकावर रांगेत बसवतात. आमच्यासारखीच म्हातारी माणसं असतात, कोणी निफाडकडचं, कोणी सटाण्याचं. आत जायच्या आधी बरेच जण थरथरतात. एक पहिलवानी अंगाचे गृहस्थ तर रडले. ही शांत बसायची. दुसऱ्या वेळी आतून बाहेर आली तेव्हा नर्स मला म्हणाल्या, आजोबा, आजी फार धीराच्या आहेत, हूं की चूं केलं नाही. ती बाकावर बसलेली होती. तिनंही ऐकलं.

कागद मात्र माझ्या हातात यायचा नाही. पुढची तारीख लिहिलेला कागद ती नर्सकडून स्वतः घ्यायची. मी वाचून सांगितलं, अमुक वार, अमुक तारीख, तरी ती नाशिकच्या स्टँडवर कंडक्टरला तो कागद दाखवायची आणि विचारायची, दादा, काय लिवलंय? कंडक्टर माझ्याकडे बघायचा, चष्मा लावलेला, खिशाला पेन अडकवलेला माणूस शेजारी उभा, आणि मग वाचून दाखवायचा. तारीख तीच असायची. ती पिशवीत कागद ठेवायची. थेंबांच्या बाटल्यांचंही तसंच. कुठली दिवसातून चारदा, कुठली दोनदा, हे तिनं बाईंकडून ऐकून घेतलं आणि एका बाटलीला दोरा बांधला.

उजवा डोळा टिकला. तीन इंजेक्शनांनंतर पाणी ओसरलं. आता दोन महिन्यांनी एक द्यावं लागतं. त्या डोळ्यानं ती भिंतीवरच्या चिन्हांच्या तक्त्यातली खालून दुसरी ओळ ओळखते. डावा गेला तो गेलाच.

मागच्या दिवाळीनंतर मुलाकडे जव्हारला गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो. सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि ती बोटांनी काटे काढत होती. मुलगा तिच्या ताटाकडे बघत म्हणाला, "आये, तेव्हा बाबांचं ऐकलं असतंस तर आज हे असं चाचपत बसायची वेळ आली नसती." आवाज चढवून नाही, मायेनंच. असं तो महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायचाच. या वेळी मी सांगून टाकलं. शिबिर, कागद, झाडाखाली मी काय बोललो, का बोललो. बोहाड्याचं सांगताना मुलानं मला थांबवलं.

"म्हणजे दोन वर्षं मी हिला रागावतोय," तो म्हणाला, "आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता?"

मी हो म्हटलं. तो अर्ध्या जेवणातून उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. फोन आईला करतो.

ती काटे काढत राहिली. ताट संपवलं. मला वाटत होतं की ती रडेल, नाहीतर काहीतरी हलकं वाटल्यासारखं दिसेल. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोराला सांगितलंत. वहिनीला कोण सांगणार?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एकटा खोडाळ्याला गेलो. वहिनी सुकी मासळी विकायला बसते, तिच्या एका बाजूला मिरच्यावाली, दुसऱ्या बाजूला मडकीवाला. मी म्हटलं, जरा बाजूला या, बोलायचंय. ती म्हणाली, धंदा टाकून कुठे येऊ, इथेच बोला दाजी. मग मी तिथेच, उभ्या उभ्या, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मिरच्यावालीनं वजन करता करता तागडी तशीच धरून ठेवली.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "मग मी तिला दोन वर्षं चिडवलं ते तुमच्या जोरावर," ती म्हणाली. "मला आधी सांगितलं असतंत तर माझं तोंड तरी वाचलं असतं." मग जवळा चाळता चाळता ती म्हणाली, "त्या बोहाड्याला मी आले होते. नाचलात मात्र झकास."

मी घरी आलो. ती ओट्यावर बसली होती. विचारलं, सांगितलं का? सांगितलं, म्हटलं. काय म्हणाली? मी वहिनी जे बोलली ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, नाचाचंसुद्धा. एक शब्द गाळला नाही.

तिनं ऐकलं. मग मांडीवरचा मोबाइल उचलला. बटणांचा साधा फोन आहे, मुलानं दोन नंबरच्या बटणावर वहिनीला बसवून दिलंय. बोटानं बटणं चाचपत तिनं ते दाबून धरलं. तिच्या फोनचा आवाज नेहमी मोठा असतो. वहिनी बाजारातच होती, मागे गलका ऐकू येत होता. ही म्हणाली, "आज आमचे गुरुजी आले होते का गं तुझ्याकडे? काय म्हणाले? पहिल्यापासून सांग."

मी समोर उभा होतो. वहिनीनं पहिल्यापासून सांगितलं. मधेच एका गिऱ्हाइकाला भाव सांगितला आणि पुन्हा सांगायला लागली. शिबिर, झाड, मोतीबिंदू, सोंग. माझं सांगणं आणि तिचं सांगणं कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, हे बायको डोकं जरा कलतं करून ऐकत होती. शाळेत मी मुलांची पाठांतरं अशीच ऐकायचो. शेवटी वहिनी म्हणाली, "माझं चुकलं गं नणंदबाई." ही म्हणाली, तुला काय ठाव होतं. आणि फोन बंद केला.

तिनं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "सोमवारी तारीख हाय. सकाळची गाडी. चलायचं तर चला. कागद माझ्याकडंच राहतील."

मी बरं म्हटलं.